औषध कोणी लिहायचं हा नंतरचा प्रश्न

१८ सप्टेंबर २०२५ला राज्यातले ॲलोपॅथीचे डॉक्टर एक दिवसाच्या संपावर गेले. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, म्हणजे सीसीएमपी, पूर्ण केलेल्या होमिओपॅथीच्या पदवीधरांची महाराष्ट्र वैद्यक परिषदेत वेगळ्या नोंदवहीत नोंद करायची, म्हणजे त्यांना ॲलोपॅथीची औषधं लिहिता येतील, या सरकारच्या निर्णयाविरुद्ध तो संप होता. मूळ कायदादुरुस्ती २०१४ची. दहा-अकरा वर्षं हे घोंगडं कोर्टात आणि मंत्रालयात भिजत पडलं आणि २०२५मध्ये एकदम रस्त्यावर आलं. तेव्हापासून दोन्ही बाजूंचे युक्तिवाद वाचतो आहे, ऐकतो आहे. एक बाजू म्हणते, हा रुग्णांच्या जिवाशी खेळ आहे. दुसरी म्हणते, तुम्ही शहर सोडत नाही, खेड्यात रात्री दार आम्ही उघडतो. दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे, आणि तरीही सगळा वाद आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशा थाटात चालला आहे. चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहिणं हे फॅमिली डॉक्टरच्या कामातलं शेवटचं आणि त्या मानाने सोपं काम आहे. त्याआधीचं काम म्हणजे समोरच्या माणसाला काय झालं असावं, काय नक्की झालेलं नाही, आणि किती दिवस थांबणं सुरक्षित आहे, हे ठरवणं. ते शिकवण्याची धड सोय महाराष्ट्रात कोणत्याच पदवीत नाही. होमिओपॅथीच्या बीएचएमएसमध्ये नाही, आयुर्वेदाच्या बीएएमएसमध्ये नाही, आणि संपावर गेलेल्या माझ्या एमबीबीएस बांधवांना राग आला तरी सांगतो, एमबीबीएसमध्येही नाही.

हे काम वेगळं का आहे? १९६१ साली अमेरिकेत कर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटन-अमेरिकेतल्या माहितीवरून एक हिशेब मांडला. एक हजार प्रौढ माणसं घेतली, तर एका महिन्यात त्यांतल्या साधारण ७५० जणांना काही ना काही दुखतंखुपतं. २५० जण डॉक्टरकडे जातात. नऊ जण रुग्णालयात दाखल होतात, पाच जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं जातं, आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात पोचतो एकच. आपले सगळे विद्यार्थी वैद्यक शिकतात ते या एका माणसाच्या खाटेशेजारी उभे राहून. उरलेले २४९ कसे दिसतात, कसे बोलतात, त्यांचा आजार पहिल्या दिवशी किती अर्धवट असतो, हे त्यांना कोण दाखवतं? रुग्ण वॉर्डात येईपर्यंत त्याच्या आजाराला नाव मिळालेलं असतं, किमान चार संशयित तरी ठरलेले असतात. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसाजवळ फक्त तक्रार असते: कणकण आहे, डोकं जड आहे, पोटात कसंतरी होतंय.

तापाचंच घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये तालुक्याच्या कुठल्याही दवाखान्यात जा, निम्मे केसपेपर तापाचे. पहिल्या दिवशी आलेल्या तापात बहुतेक वेळा हाताला काही लागत नाही, आणि बहुतेक ताप तीन-चार दिवसांत आपोआप उतरतात. म्हणून कोणीही डॉक्टर काहीही दिलं तरी बहुतेकांना गुण येतो, आणि नेमकं हेच घातक आहे, कारण त्यातून डॉक्टरला आपल्या औषधाबद्दल आणि रुग्णाला आपल्या डॉक्टरबद्दल खोटा विश्वास वाटू लागतो. फरक पडतो तो उरलेल्या थोड्यांत. डेंगीत धोक्याचा काळ ताप चढलेला असताना नसतो. ताप उतरायला लागतो तेव्हा, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास तो येतो. घरातले म्हणतात, आता बरा आहे, आणि त्याच दिवशी पोट दुखायला लागतं, उलट्या थांबत नाहीत, माणूस मलूल पडतो. अंगदुखीसाठी आदल्या दिवशी डायक्लोफेनॅकची सुई दिली असेल तर रक्तस्रावाची भीती आणखी वाढलेली. टायफॉइडचा संशय असेल तर पहिल्या आठवड्यात रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहणं, उपयोगाचं, पण ते अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घ्यायला हवं. आपल्याकडे मात्र केली जाते ती विडाल नावाची रक्ततपासणी. आपल्या भागात ती टायफॉइड नसतानाही पॉझिटिव्ह यायची शक्यता भरपूर, आणि तिच्या जोरावर आठवडाभर सलाईन चालतं.

आणि २०१८ साली विदर्भात स्क्रब टायफस पसरला तेव्हाचं आठवा. गवतातल्या बारीक किड्याच्या पिल्लाच्या चाव्यातून होणारा हा ताप. चाव्याच्या जागी काळी खपली धरते. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्ण स्वतःहून सांगत नाही. ती असते काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, स्तनाखाली. म्हणजे ती दिसायला रुग्णाला आडोशाला नेऊन, बाईमाणूस असेल तर सोबत कोणाला उभं करून, कपडे बाजूला सारून बघावं लागतं. दोन मिनिटांचं काम. ती सापडली तर डॉक्सिसायक्लिन नावाचं अगदी स्वस्त औषध पुरतं, बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. सापडली नाही तर रुग्णाला महागड्या सेफ्ट्रायॅक्सोनच्या सुया मिळतात. त्या या जंतूवर चालतच नाहीत, आणि रुग्ण नागपूरच्या आयसीयूपर्यंत जातो. आता सांगा, डॉक्सिसायक्लिन लिहिण्याचा अधिकार कोणाला, या प्रश्नाने इथे काय साधलं? ज्याने कपडा बाजूला केला नाही त्याला अधिकार असून उपयोग नाही. आणि ज्याने केला त्याच्याकडे अधिकार नसेल, तर निदान त्याने रुग्णाला वेळेत योग्य जागी पाठवलेलं असेल.

आयएमएच्या, म्हणजे ॲलोपॅथीच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या, बाजूने असलेला सगळ्यात भक्कम मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका प्रकरणात निकाल दिला: ज्या शास्त्राचं शिक्षण घेतलेलं नाही त्या शास्त्राची औषधं देणं, हाच मुळात निष्काळजीपणा. होमिओपॅथीची पदविका असलेल्या डॉक्टरांनी एका तरुण रुग्णाला ॲलोपॅथीची औषधं दिली होती आणि तो रुग्ण दगावला होता. रुग्णाला आपल्यासमोर बसलेल्या माणसाचं शिक्षण काय आहे हे कळण्याचा हक्क आहे, हाही मुद्दा निर्विवाद. वर्षभराच्या अभ्यासक्रमाने साडेपाच वर्षांची भरपाई होत नाही, हेही खरं. पण त्या प्रकरणात घडलं काय होतं ते पाहा. ताप आधी व्हायरल म्हणून हाताळला, मग टायफॉइड म्हणून, आणि तपासणी करून खात्री केली गेली नाही. न्यायालयाने बोट ठेवलं ते अधिकारावर, आणि कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच. पण निदानाचा हा रस्ता पाहून आपल्या ओळखीचं काहीच वाटत नाही का? पहिल्या दिवशी व्हायरल, तिसऱ्या दिवशी टायफॉइड, पाचव्या दिवशी ‘मोठ्या दवाखान्यात न्या’, हा रस्ता भिंतीवर एमबीबीएसचं प्रमाणपत्र टांगलेल्या दवाखान्यांतही रोज तुडवला जातो. तिथे कोणी संप करत नाही.

नवा एमबीबीएस झालेला मुलगा इंटर्नशिप संपवून बाहेर पडतो तेव्हा त्याने मायट्रल स्टेनोसिस या हृदयाच्या झडपेच्या विकाराचा आवाज ऐकलेला असतो. पण नुसत्या चक्कर येण्याच्या तक्रारीसह आलेली पंचेचाळिशीची बाई एकट्याने, कोणाच्या देखरेखीखाली, दहा वेळा हाताळलेली नसते. कशी असेल? त्याची इंटर्नशिप नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या प्रश्नसंचात जाते. त्यात त्याचा दोष नाही. ज्या व्यवस्थेत जनरल प्रॅक्टिस म्हणजे ‘पुढे काही जमलं नाही म्हणून’ करायची गोष्ट, तिथे हुशार पोरं दुसरं काय करणार? एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात फॅमिली मेडिसिन नावाचा स्वतंत्र विषय नाही. २००२च्या आणि २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात या शाखेची गरज लिहून ठेवली आहे. तिचा डीएनबी हा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहे. पण महाराष्ट्रातल्या किती पालकांनी त्याचं नाव ऐकलं असेल?

आता दुसऱ्या बाजूकडे येऊ. होमिओपॅथीच्या संघटना म्हणतात की खेड्यांत डॉक्टर नाहीत, आम्ही आहोत, आणि ॲलोपॅथीची औषधं आम्ही आताही देतोच, मग रीतसर शिकून देऊ द्या. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या देशाने ही चर्चा एकदा केलेली आहे. स्वातंत्र्याच्या तोंडावर भोर समितीने देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी केली तेव्हा सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टर होते आणि त्यांतले जवळपास ३०,००० लायसेन्शिएट, म्हणजे पदवी नसलेले, कमी मुदतीचं शिक्षण घेतलेले होते. आपल्या आजी-पणजीच्या काळातले एलसीपीएस, एलएमपी डॉक्टर ते हेच. १९४६च्या अहवालात समितीने हे शिक्षण बंद करून सगळीकडे एकच पदवीधर ‘मूलभूत डॉक्टर’ तयार करायचं ठरवलं. समितीतल्याच काही सदस्यांनी विरोध नोंदवला: एवढी तूट असताना हे दार बंद करू नका. बहुमताने ते ऐकलं नाही. समितीच्या स्वप्नातला डॉक्टर खेड्यात राहणारा, घर ओळखणारा, समाजाचा वैद्य होता. प्रत्यक्षात तयार झालेला पदवीधर शहरात थांबला, आणि लायसेन्शिएट गेल्याने मोकळी झालेली खेड्यातली खुर्ची वैद्य, होमिओपॅथ आणि डिग्री नसलेले ‘डॉक्टरसाहेब’ यांनी भरली. आजचा तंटा त्या निर्णयापर्यंत मागे जातो. तेव्हा ‘होमिओपॅथ खेड्यात घुसले’ असं म्हणणाऱ्यांनी खुर्ची रिकामी कोणी केली तेही सांगावं.

पण खेड्यात डॉक्टर नाही, म्हणून जो आहे त्याला औषधांची यादी द्या, हे त्यातून निघत नाही. उलट कमी शिकलेल्या माणसाकडून चांगलं काम करून घेता येतं का, याचं उत्तम उत्तर महाराष्ट्रातच मिळालेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या जेमतेम शिकलेल्या कार्यकर्त्यांना आणि दायांना बाळाचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. कसं? छातीला स्टेथोस्कोप लावून नाही. बाळ शांत असताना मिनिटभर श्वास मोजायचे. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात ५० किंवा जास्त आणि त्याहून मोठ्या, पाच वर्षांपर्यंतच्या मुलात ४० किंवा जास्त असले, तर औषध सुरू. बरगड्यांखाली खळगा पडत असेल, दूध ओढत नसेल, तर ताबडतोब पुढे पाठवायचं. पुढे आरोग्यदूतांनी, म्हणजे शिकवून तयार केलेल्या गावातल्याच कार्यकर्त्यांनी, घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षानुसार त्या गावांतले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. ज्यांना पदवीशिवाय उपचार म्हणजे पाप वाटतं, त्यांनी या आकड्यापुढे थांबून विचार करावा. आणि ज्यांना वाटतं की परवानगी मिळाली की झालं, त्यांनीही. आरोग्यदूताला मिळाली होती ती दोन-चार औषधं, त्याआधी निदानाची एक काटेकोर रीत, कधी हात लावायचा नाही याचा कडक नियम, दर काही दिवसांनी येऊन वही तपासणारा पर्यवेक्षक, आणि प्रत्येक मृत्यूची नोंद. सीसीएमपीच्या वादात यांतल्या किती गोष्टींची चर्चा झाली?

रक्तदाबाचंही तसंच. २०१७च्या अखेरीस सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे आले. त्यात चमत्कार काही नव्हता. औषधांच्या ठरलेल्या पायऱ्या, ॲम्लोडिपिन या गोळीपासून सुरुवात, सरकारी केंद्रात गोळ्यांचा पुरेसा साठा, नर्सकडे फेरतपासणी आणि न आलेल्या रुग्णाला फोन. ज्यांनी बीपीचे रुग्ण वर्षानुवर्षं सांभाळले आहेत त्यांना माहीत आहे, की पहिली गोळी कोणती यावर फारसं काही अडत नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. रुग्ण जिना चढून आल्या-आल्या, बाह्या दंडावर घट्ट चढवून, गप्पा मारताना घेतलेला १५०/९४ हा आकडा म्हणजे निदान नव्हे. त्याला पाच मिनिटं टेकून बसू द्यायचं, हात हृदयाच्या पातळीवर ठेवायचा, दोनदा मोजायचं, दुसऱ्या दिवशी परत बोलवायचं. एवढं केलं तर कित्येकांची जन्मभराची गोळी वाचते. आणि ज्याला खरंच गरज आहे त्याने ‘आता बरं वाटतंय’ म्हणून तिसऱ्या महिन्यात सोडली, तर ते कोणाच्या लक्षात येतं? औषधशास्त्राच्या वर्षभराच्या अभ्यासक्रमात हे येणार नाही, आणि साडेपाच वर्षांच्या पदवीतही येतंच असं नाही.

अधिकाराच्या भांडणातून शेवटी काय निघतं हे इंग्लंडच्या इतिहासात दिसतं. तिथे सतराव्या शतकात फिजिशियन रोग सांगायचा आणि अपोथेकरी, म्हणजे औषधविक्या, पुड्या बांधायचा. विल्यम रोझ नावाच्या अपोथेकरीने एका खाटकावर स्वतःच उपचार केले म्हणून फिजिशियनांच्या कॉलेजने, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संस्थेने, त्याला कोर्टात खेचलं आणि खटला जिंकला. १७०४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तो निकाल फिरवला. लोकांना दुसरा डॉक्टर परवडत नाही, ही बाजू तिथेही मांडली गेली होती. म्हणजे अधिकार मिळाला. पण त्यातून चांगला डॉक्टर मिळाला का? प्रशिक्षणाची आणि परीक्षेची सक्ती यायला १८१५ साल उजाडलं, तीही पाच वर्षं उमेदवारी करण्याच्या अटीवर. या अपोथेकरींतून ब्रिटनचा जीपी, म्हणजे जनरल प्रॅक्टिशनर, घडला. त्यानंतरही, १९५० साली, जोसेफ कॉलिंग्ज या डॉक्टरने अनेक दवाखाने पाहून लिहिलेल्या अहवालात तिथल्या जनरल प्रॅक्टिसची लक्तरं वेशीवर टांगली: गर्दी, घाई, न तपासता दिलेली औषधं. ते सगळे रीतसर पदवीधर होते. त्या नामुष्कीनंतर १९५२ साली जीपींनी स्वतःचं कॉलेज काढलं, आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून पदवीनंतरचं तीन वर्षांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. कामाचा दर्जा सुधारला तो जीपींनी हे स्वतंत्र शास्त्र आहे असं मानून ते शिकवायला घेतल्यावर.

एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो, आणि तो प्रामाणिक आहे. लोकांनाच जनरल प्रॅक्टिशनर नकोय, गुडघा दुखला की थेट ऑर्थोपेडिककडे आणि डोकं दुखलं की न्यूरोकडे जातात, मग तुम्ही कोणासाठी रडता? शहरातल्या पैसेवाल्यांपुरतं हे खरं आहे. पण त्याचा परिणामही पाहा. हजारात एकाला असलेला आजार शोधायला, निरोगी माणसांपैकी शंभरातल्या पाचांना चुकून आजारी ठरवणारी चाचणी सगळ्यांना केली, तर एका खऱ्या रुग्णामागे सुमारे पन्नास माणसं विनाकारण घाबरतात. मोठ्या रुग्णालयात ज्या तपासण्या अचूक ठरतात त्याच ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये फसतात, ते यामुळे. स्पेशालिस्टकडे पोचणारी माणसं आधी कोणीतरी चाळलेली असतील तरच त्याचं कौशल्य कामी येतं. आणि गरिबाचं काय? त्याच्यासाठी जवळच्या डॉक्टरला दुसरा पर्यायच नाही, मग तो कोणत्या पॅथीचा का असेना.

पैशाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. लहान गावात तपासणीची फी शंभर-दीडशे. एका रुग्णाला वीस मिनिटं देऊन, आडोशाला नेऊन, नीट बघून, ‘औषध नको, परवा परत या’ असं सांगणाऱ्या डॉक्टरचं दुकान चालत नाही. सुई दिली, सलाईन लावलं, की फी वाढते आणि रुग्णही खूश. तपासणीला पाठवलं की लॅबकडून टक्केवारी, पेशंट पुढे पाठवला की रुग्णालयाकडून. २०१७ साली राज्य सरकारने कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार केला होता. त्याचा कायदा झाला नाही. आयएमए किंवा होमिओपॅथीच्या संघटना यांपैकी कोणी त्यासाठी आझाद मैदानावर बसल्याचं मी पाहिलेलं नाही. विचार करण्याची फी मिळत नाही आणि पाठवण्याची मिळते, अशा ठिकाणी कोणत्याही पदवीचा डॉक्टर बसवा, काही वर्षांत तो तसाच वागू लागतो.

म्हणून माझी मागणी दोन्ही मोर्चांत बसणारी नाही. सीसीएमपीवाल्यांना आज आहे तशी सरसकट मुभा देऊ नये, आणि त्यांना हाकलूनही देऊ नये. त्यांना आणि स्वतंत्र दवाखाना टाकू पाहणाऱ्या प्रत्येक नव्या एमबीबीएसला एकाच प्रत्यक्ष परीक्षेला बसवावं. समोर खरे रुग्ण: चौथ्या दिवसाचा ताप, महिन्याची कंबरदुखी, पंधरा दिवसांचा खोकला, पहिल्यांदा सापडलेली साखर, छातीत जळजळ सांगणारा पन्नाशीचा माणूस. औषधाचं नाव शेवटी विचारावं. आधी विचारावं: काय तपासलंत, कशाची भीती वाटते, कोणती खूण दिसली तर याला आज रात्रीच पाठवाल, आणि घरच्यांना काय सांगून परत पाठवलंत? त्याआधी दोन वर्षं, निदान एक वर्ष, अनुभवी फॅमिली डॉक्टरच्या हाताखाली पगारी उमेदवारी असावी. वॉर्डात नव्हे, ओपीडीत आणि दवाखान्यात. जे उत्तीर्ण होतील त्यांना मर्यादित औषधांची यादी मिळावी, दाराबाहेरच्या पाटीवर शिक्षण मराठीत ठळक लिहिलेलं असावं, आणि वर्षातून एकदा त्यांचे पंचवीस केसपेपर कोणीतरी बाहेरच्याने काढून वाचावेत. एमबीबीएसला यादीची मर्यादा नसेल, पण केसपेपर त्याचेही वाचले जावेत.

शिकवणार कोण, असं लगेच विचारलं जाईल. तीस-तीस वर्षं एकाच गल्लीत दवाखाना चालवलेले, तीन पिढ्यांचे केसपेपर सांभाळलेले डॉक्टर अजून प्रत्येक जिल्ह्यात आहेत. मात्र त्यांच्यापैकी बहुतेक साठी ओलांडलेले आहेत आणि त्यांची मुलं रेडिओलॉजी किंवा ऑर्थो करून शहरात गेली आहेत. आरोग्य विज्ञान विद्यापीठाने त्यांना मानद शिक्षक म्हणून नेमायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नसावी. सुरुवात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्ध्यात करता येईल. तिथे बीपीच्या रुग्णांच्या नोंदी, महिन्याच्या फेऱ्या आणि न आलेल्यांचा पाठपुरावा करण्याची सवय सरकारी केंद्रांना आधीच लागलेली आहे. त्याच केंद्रात सकाळच्या ओपीडीत एका जुन्या डॉक्टरला, एका इंटर्नला आणि एका सीसीएमपी उमेदवाराला एकाच टेबलापाशी बसवावं.